बाबासाहेब काळे का केलेत?

सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला मी पथारी टाकतो. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर लिनोच्या छापांच्या चळती, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड. एका अंगाला पुस्तकवाला, दुसऱ्या अंगाला कॅलेंडरवाला. मागं एका वर्षी तुमच्यातलाच एक कार्यकर्ता थांबला. छाप हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "दादा, बाबासाहेब काळे का केलेत?"

मी म्हणालो, "शाई काळी आहे."

तो शेजारच्या कॅलेंडराकडं बोट दाखवून म्हणाला, "त्यांचे बघा की." तिथं निळ्या कोटातले बाबासाहेब होते. गाल गुलाबी, ओठ लाल, कातडी एखाद्या विलायती साबणाच्या जाहिरातीतली. त्यानं माझा छाप नीट, अदबीनं खाली ठेवला, कॅलेंडर घेतलं आणि रांगेकडं निघून गेला.

त्या पोराचा मला राग आला नाही. राग आला तो माझ्या उत्तराचा. शाई काळी आहे हे उत्तर खोटं होतं. त्याला खरं सांगायला वेळ नव्हता, तोंडही नव्हतं. ते इथं सांगतो. या अंकात छाप जोडता येणार नाही, कारण आपला अंक सायक्लोस्टाइलवर निघतो आणि स्टेन्सिलवर भरीव काळं धरत नाही, फाटतं. तेव्हा चित्रं शब्दांतच बघा.

लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचं उकळून घट्ट केलेलं तेल, त्यात बुचाचा आणि लाकडाचा भुसा, राळ, आणि पाठीला तागाचं कापड. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं १८६०च्या दशकात याचं पेटंट घेतलं. साहेबाच्या घरात जमिनीवर अंथरायला ही वस्तू निघाली. त्या काळी इंग्लंडला इथून जवस जायचं, बंगालातून ताग जायचा. माल आपल्या शेतातला, पाय त्यांचे. पुढं चित्रकारांच्या लक्षात आलं की हे लाकडापेक्षा मऊ आहे, याला शिरा नाहीत, कुठल्याही दिशेनं पटाशी चालते. पण जमिनीवर अंथरायची वस्तू ती! चित्रकलेच्या वर्णव्यवस्थेत तैलचित्र वर, मग जलरंग, मग ताम्रपटावरचं एचिंग, मग लाकूड, आणि सर्वांत खाली हा लिनो. शाळेतल्या पोरांना हात वळवायला द्यायचा. १९५०च्या दशकात पिकासोनं लिनो कोरायला घेतला तेव्हा कुठं प्रतिष्ठितांना त्यात कला दिसली. बाटलेल्याला मोठ्या घरचं पाणी मिळालं.

मी लिनोकडं कलेच्या ओढीनं गेलो नाही. १९८०च्या दशकात एका छापखान्यात मी ट्रेडलवर कागद लावायच्या कामाला होतो. लग्नपत्रिका, जयंतीची हँडबिलं, पावतीपुस्तकं. चित्र पाहिजे तर जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागायचा, त्याचे पैसे वेगळे, आणि मंडळाच्या पोरांकडं ते नसायचे. खिळे जुळवणारे आमचे मास्तर जुन्या लिनोचा तुकडा देऊन म्हणाले, कोर यावर, लाकडाला चिकटव, खिळ्यांच्या उंचीला आण, ट्रेडल त्याला जस्त समजंल. पटाशी नव्हती. मोडक्या छत्रीची काडी घेतली. तिला आतून पन्हाळ असते. टोक दगडावर घासलं की बारीक गोल पटाशी तयार. तुकडा बेतायला नाक्यावरच्या चप्पलवाल्या मामांची रापी. लिनो थंडीत कडक होतो, म्हणून आधी उन्हात ठेवायचा, मऊ पडला की कोरायचा.

पहिल्याच कामात फजिती झाली. छापात सगळं उलटं उमटतं हे ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. चौदा एप्रिलच्या हँडबिलासाठी पुतळा कोरला. छापून बघतो तर बाबासाहेबांचा डावा हात वर आणि संविधान उजव्या काखेत. पाचशे हँडबिलं. मालकाला कळलं नाही. मंडळातल्या एका म्हातारीला कळलं. ती म्हणाली, "पोरा, साहेबाचा हात बदलला रं." वाचता येत नव्हतं तिला. पुतळा मात्र तिला पाठ होता.

आता काळ्या-पांढऱ्याचं. सपाट लिनोवर काहीही न कोरता शाईचा रूळ फिरवून कागद दाबला तर काय उमटेल? नुसता काळा चौकोन. पटाशी जिथं फिरेल तिथं पांढरं येतं. म्हणजे या धंद्यात काळं आधीपासून असतं. पांढरं करावं लागतं, श्रम करून, हात दुखवून. एखाद्या चेहऱ्याला पांढरा करायचा म्हणजे आख्खा चेहराच खरवडून काढायचा आणि नाक, डोळे, चष्म्याची कड एवढ्याच रेषा ठेवायच्या. मी पंधरा वर्षं तेच करत होतो. छापखान्यातल्या माझ्या सगळ्या ठोकळ्यांत बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई, सगळ्यांचे चेहरे खरवडून पांढरे केलेले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चेहरा म्हणजे उजळ, हे माझ्या हातातच बसलेलं. शाळेच्या पुस्तकातल्या देवादिकांनी बसवलं, सिनेमाच्या बोर्डांनी बसवलं, "पोरगी सावळी आहे पण" म्हणणाऱ्या आमच्याच बायाबापड्यांनी बसवलं. ब्राह्मणी सौंदर्यशास्त्राला शिव्या घालणारा मी, पटाशी धरली की त्याच शास्त्राचा बिनपगारी नोकर. म्हणून म्हणतो, "शाई काळी आहे" हे उत्तर खोटं. शाई काळीच असते. चेहऱ्यातलं काळं किती ठेवायचं हे मी ठरवतो.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते एका चित्रानं. एलिझाबेथ कॅटलेट या काळ्या अमेरिकन बाईचं ते चित्र. बाईंचा जन्म १९१५चा, वॉशिंग्टनचा. आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटमध्ये गुणांवर निवड झाली आणि कातडीवर नाकारली गेली. मग हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात शिकल्या. १९४६ साली त्या मेक्सिकोला गेल्या आणि तिथल्या तायेर दे ग्राफिका पोपुलार या छापचित्रकारांच्या कारखान्यात सामील झाल्या. हा कारखाना १९३७ साली मेक्सिको शहरात निघाला होता. लिओपोल्दो मेंदेस हा त्यातला बिनीचा माणूस. युनियनची पत्रकं, संपाची पोस्टरं, साक्षरतेच्या मोहिमेची चित्रं असलं काम तिथं चालायचं, मुख्यतः लिनोवर आणि स्वस्त कागदावर. एकानं चित्र केलं की बाकीच्यांनी बसून त्याची चिरफाड करायची, मग छापायचं. १९४७ साली त्यांनी मेक्सिकन क्रांतीवर ८५ छापांचा संच काढला. त्यांच्याआधी तिथं होसे ग्वादालुपे पोसादा होऊन गेला होता. दमडीला मिळणाऱ्या पत्रकांवर हसऱ्या सांगाड्यांची चित्रं करणारा. १९१३ साली गरिबीत मेला. आज त्याचे सांगाडे जगभर विकले जातात.

कॅटलेटबाईंचं 'शेअरक्रॉपर' हे चित्र १९५२चं. शेअरक्रॉपर म्हणजे दुसऱ्याची जमीन बटईनं कसणारी. गुलामगिरी कायद्यानं गेल्यावरही अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांत काळ्यांना जमिनीला आणि कर्जाला बांधून ठेवणारी जी पद्धत होती, तिच्यातली बाई. चित्रात नुसता खांद्यापर्यंतचा देह. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. टोपीचं विणकाम बारीक बारीक घावांनी कोरलेलं, एकेक काडी मोजावी असं. टोपीखाली पांढरे केस. आपण खालून वर बघतोय आणि ती आपल्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी बघतेय. आपल्याकडं तिचं काम नाही. अंगातल्या कपड्याला गळ्याशी बटण नाही, तिथं सेफ्टी पिन लावलेली.

मी त्या सेफ्टी पिनेवर बराच वेळ अडकलो होतो. आमच्या आयांच्या बांगडीला लटकलेली असते तीच ही. चपलेचा अंगठा तुटला, पोराची चड्डी सैल झाली, परकराची नाडी घालायची, सगळ्याला तीच. कुठल्याही पांढरपेशा चित्रकारानं गरीब बाई काढली तर फाटका पदर काढला असता. फाटकं दिसलं की बघणाऱ्याला दया करायला जागा मिळते. कॅटलेटबाईंनी फाटकं काढलं नाही. सांधलेलं काढलं. बटण नाही, पण गळा उघडा नाही.

आणि चेहरा. चेहरा त्यांनी खरवडला नाही. काळाच ठेवला. त्या काळ्यावर गालाच्या हाडाच्या, जबड्याच्या, मानेच्या ताणलेल्या शिरांच्या वळणानं जवळजवळ समांतर बारीक घाव घातले. त्यामुळं चेहरा उजळ होत नाही, चेहऱ्यावर उजेड पडतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मित्रांनो. उन्हात उभ्या माणसाची कातडी चकाकते, म्हणून काही ती गोरी होत नाही. हे बघितलं त्या रात्री मी माझे जुने ठोकळे बाहेर काढले आणि एकेक करून बघितले. लाज वाटली. कोरलेलं परत भरता येत नाही. लिनोत खोडरबर नाही.

म्हणून नवीन ठोकळा केला. बाबासाहेबांचा चेहरा काळा ठेवला, कपाळावर आणि चष्म्याच्या खाली उजेडाचे घाव घातले. तोच तो छाप, जो त्या पोरानं अदबीनं खाली ठेवला.

इथवर दोष आपला. आता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं येऊ.

पथारीवर छाप पन्नास रुपयांना विकून पोट भरत नाही. हातकागदाचा चांगला ताव, शाई, लिनो, यातच निम्मे जातात. बाजारात फरशीचं म्हणून मिळतं ते आता बहुतेक प्लॅस्टिक, त्यावर पटाशी घसरते आणि बोटात शिरते. खरा लिनो चित्रसामानाच्या दुकानातून घ्यावा लागतो आणि तो महाग. तेव्हा मी एकदा बाड काखेत मारून दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत गेलो. नाव सांगत नाही, त्या बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. चहा दिला. बाड चाळलं. पेपर वाचणारी आई, पुढं. बसची कंडक्टरीण, पुढं. बाबासाहेब, जरा थांबून, पुढं. शेवटी गटारात उतरलेला माणूस आला. खांद्यापर्यंत काळ्यात बुडालेला, तोंड उघडं, डोळे पांढरे. त्या म्हणाल्या, "हे फार स्ट्राँग आहे. असं आणखी आहे का? तुमचं स्वतःचं, सोसलेलं?"

म्हणजे बघा. आमच्या पोराला काळा चेहरा नको होता. या बाईंना काळाच पाहिजे होता, फक्त तो बुडत असला पाहिजे. कोट घातलेला, चष्मा लावलेला, वाचणारा काळा त्यांना 'जरा पोस्टरसारखा' वाटला. दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखत नाहीत, पण 'शेअरक्रॉपर'मधल्या बाईला दोघांच्याही घरी जागा नाही. एकाला ती काळी वाटेल, दुसऱ्याला ताठ.

दयेची ही गिऱ्हाइकी नवी नाही. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात हा माणूस मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडला, मरणारी माणसं समोर बसून रेखाटली. त्या चित्रांची पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. पुढं तो मुंबईत अंधेरीला राहिला, कमालीच्या गरिबीत, आणि १९७८ साली गेला. त्याच्या बांधिलकीपुढं मी कोण? कामाला जुंपलेल्या पोरांवर त्यानं लिनोची मालिका केली. घाव सुंदर आहेत, काळ्या-पांढऱ्याचा तोल असा की शिकून घ्यावा. पण ते पोरगं कुणाचं? कोणत्या वस्तीतलं? त्याच्याच हातात ते काम का? मालिका सांगत नाही. ते पोरगं 'गरीब' आहे. वर्ग दिसतो, जात दिसत नाही. आणि ते पोरगं नेहमी 'तो' आहे. कॅटलेटबाईंनी १९४६-४७ साली काळ्या बाईवर पंधरा लिनोंची मालिका केली, तिच्यातल्या चित्रांची नावं बाईच्याच तोंडची आहेत. मी अशी, मी शेतात, माझा हक्क, अशी. हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ यांच्यासारख्या लढवय्या बायाही तिथं 'मी'तच येतात. 'तो'चं 'मी' व्हायला आपल्या साहित्याला आत्मकथनांची वाट बघावी लागली. चित्रात ते अजून व्हायचंय. नागपूरचे सवी सावरकर यांनी छापचित्रात पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आणला, देवदासी आणली, आणि ती चित्रं दया मागत नाहीत, बघणाऱ्याच्या अंगावर येतात. पण ते एचिंग. त्याला यंत्र लागतं, तेजाब लागतं. वस्तीतल्या पोराच्या हाताला लागेल ते लिनो.

गॅलरीच्या बाईंनी मग विचारलं, "एडिशन कितीची?"

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं. पंचवीस छाप काढायचे. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं १/२५, २/२५ असं लिहायचं, सही करायची. पंचविसावा निघाला की ठोकळ्यावर आडवी फुली कोरायची, म्हणजे सव्विसावा कुणाला काढता येणार नाही. एकेकाची किंमत सहा हजार. निम्मे त्यांचे.

विचार करा. हाच ठोकळा मी ट्रेडलवर चढवला तर शेकड्यांनी छाप देतो. घरी चमच्याच्या पाठीनं घासून काढले तरी दिवसाला पंचवीस-तीस निघतात. लिनोचा जन्मच पुष्कळ व्हायला झालेला. तोच गुण मारून टाकला की त्याची किंमत वाढते. ही आकडे टाकायची रीत काही सनातन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती युरोपात रुजली. त्याआधी लोक छापत होते, विकत होते, संपले की परत छापत होते. पोसादानं कधी आपल्या सांगाड्याखाली पेन्सिलीनं आकडा टाकला नसेल. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पंचवीस घागरींनंतर झाकण लावायचं. हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

मी पंचवीस छाप दिले. खोटं बोलत नाही. पावसाळ्याच्या आधी पत्रे बदलायचे होते, मुलीची फी होती. ठोकळ्यावर फुली कोरली, गॅलरीच्या माणसासमोर कोरली. हात थरथरला वगैरे काही नाही. पैसे मोजून घेतले.

पुढच्या वर्षी आमच्या भागात गटारात उतरलेली दोन माणसं गुदमरून मेली. माणसाला सुरक्षेशिवाय गटारात उतरवायला बंदी घालणारा २०१३चा कायदा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख ठरवले, २०२३ साली तीस लाख केले. कायदा आहे, रक्कम आहे, आणि माणसं उतरतातच. मोर्चा निघायचा होता. पोरं माझ्याकडं आली. "दादा, तुमचं ते गटारातलं चित्र द्या, फलकाला लावतो, दोनशे काढून द्या." मी म्हणालो, नाही देता येत. त्यांना वाटलं पैशाचं बोलतोय. एक जण म्हणाला, "वर्गणी काढू." मग मी फुली मारलेला ठोकळा आणून दाखवला. ती पोरं त्याच्याकडं बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेलेल्यांच्या शेजाऱ्यांना द्यायला माझ्याकडं चित्र नव्हतं, आणि पंचवीस दिवाणखान्यांत ते टांगलेलं होतं.

त्या रात्री दुसरा कोरला. घाईत, जाड रेषांचा, एक कोपरा फुटलेला. या वेळी माणूस गटारात बुडालेला केला नाही. गटाराच्या तोंडाशी बसलेला, पाय आत सोडलेले, उतरायच्या आधीचा. समोर बघणारा. काळा चेहरा, कपाळावर चार घाव उजेडाचे. दोनशे छाप पहाटेपर्यंत चमच्यानं घासले, पोरं कागद लावत होती. कलेच्या दृष्टीनं पहिला ठोकळा सरस होता, हे मी आजही म्हणेन. चेहरा मात्र या दुसऱ्यात बरा आला.

आता कुणी म्हणेल, सोपं आहे, गॅलरीला लाथ मारा, सगळं चळवळीला द्या. दोस्तहो, जरा थांबा. चळवळीचं पण ऐका. एका मोठ्या कार्यक्रमाला मला पाचशे पोस्टरं करून मागितली. मांडववाल्याला पैसे दिले, स्पीकरवाल्याला दिले, जेवणवाल्याला दिले. मला स्टेजवर बोलावून हार घातला. "समाजाचं काम आहे." शाई समाजाची नव्हती, कागद समाजाचा नव्हता, उधारी माझी होती. दुसऱ्या दिवशी मैदानात माझी पोस्टरं जेवणाच्या पत्रावळींबरोबर गोळा होत होती. बाबासाहेबांची पुस्तकं आपण जपून ठेवतो, कव्हर घालतो. चित्राला आपण अजून मंडपाचा भाग समजतो. चित्र बघायचं असतं, त्यावर भांडायचं असतं, हे बरं आणि हे भिकार असं म्हणायचं असतं. मेक्सिकोच्या कारखान्यात एकमेकांच्या चित्रांची चिरफाड व्हायची म्हणून तर काम टणक झालं. आपल्याकडं बाबासाहेबांचं चित्र म्हटलं की टीका बंद. त्या पोरानं निदान विचारलं तरी, काळे का केलेत. मला पथारीवर आजवर मिळालेली ती एकमेव समीक्षा.

चित्र नसलं की काय होतं तेही सांगतो. १२ मार्च १९३०ला गांधी दांडीला निघाले. नंदलाल बोस यांनी त्याच साली काठी घेऊन चालणाऱ्या गांधींचा लिनो कोरला. एक साधा ठोकळा, पण आज दांडीयात्रा म्हटलं की देशाच्या डोळ्यांपुढं तीच आकृती चालते. त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्च १९३०ला, नाशिकला काळारामाच्या दारात आपला सत्याग्रह सुरू झाला होता. त्याचा असा घराघरात पोचलेला छाप मी तरी बघितलेला नाही. चवदार तळ्याचं चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं, पण ते बहुधा पुढं पुतळ्यांनी आणि कॅलेंडरांनी घडवलेलं. नंदलालबाबूंवर माझा राग नाही, त्यांनी त्यांच्या माणसाचं काम चोख केलं. आपल्याकडं त्या दिवशी पटाशी कुणाच्या हातात नव्हती.

१९७२ साली मुंबईत पँथर निघाली तेव्हा नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्यांच्या वर्तमानपत्रात एमरी डग्लस नावाचा चित्रकार होता. पक्षानं त्याला संस्कृती मंत्रीच केलं होतं. जाड काळी रेषा, लाकडावर कोरल्यासारखी, वर एखादा जादा रंग, कारण जास्त परवडत नव्हते. ती पानं वस्तीत भिंतींवर डकवली जायची. नाव आपण घेतलं, कविता आपली आपण केली आणि त्यांच्यापेक्षा कमी केली नाही. चित्रकाराला मंत्री सोडा, शाईचे पैसेही आपण दिले नाहीत.

तेव्हा मी सध्या असं करतो, कुणाला पटो न पटो. गॅलरीला देतो, आकडे टाकूनच देतो, पण त्यासाठी वेगळा ठोकळा कोरतो आणि काय कोरायचं ते मी ठरवतो. बुडणारा माणूस मागितला तर आता नाही म्हणतो. त्यामुळं वर्षातून एखादंच गिऱ्हाईक येतं. पथारीवरचे ठोकळे वेगळे. त्यांच्यावर फुली नाही, छापाखाली आकडा नाही, नुसतं नाव आणि साल. किंमत पन्नासवरून साठ केलीय, कागद वाढला. चळवळीच्या कामाला छाप पाहिजेत तर कागद आणि शाई तुम्ही आणा, हात माझा फुकट. हारही नको. कॅटलेटबाईंच्या 'शेअरक्रॉपर'चं पुढं काय झालं हे मला ठाऊक आहे. तिचे छाप आता लिलावात हजारो डॉलरला जातात, बटईनं राबणाऱ्या कुणाच्याही घरात ते परवडणार नाहीत. बाई २०१२ साली वारल्या. १९६२ साली त्यांनी मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, अमेरिकन सरकारनं त्यांना नकोशी ठरवलं, आणि शेवटी त्याच देशातल्या संग्रहालयांनी त्यांची चित्रं भिंतीवर लावली. माझंही कदाचित तसंच काही होईल, किंवा काहीच होणार नाही. दोन्हीला माझा इलाज नाही.

त्या पोराला मी परत बघितलेलं नाही. यंदा आला तर त्याला बसवून हातात पटाशी देईन आणि म्हणेन, तूच कोर, किती पांढरं पाहिजे तेवढं.

बाकी, काळ्या चेहऱ्याचे बाबासाहेब, गटाराच्या तोंडाशी बसलेला माणूस आणि पेपर वाचणारी आई, हे तिन्ही ठोकळे माझ्याकडं आहेत. शाखेच्या कामाला ज्यांना पाहिजेत त्यांनी घेऊन जावेत. शाई पातळ लावा, नाहीतर उजेडाचे बारीक घाव भरून जातात आणि चेहरा नुसता डाग दिसतो. काम झालं की रॉकेलच्या चिंधीनं पुसून परत आणा. आणि उन्हात पडू देऊ नका. कोरताना ऊन चांगलं, पण कोरून झालेला ठोकळा उन्हात वाकतो.